कार्डाची काळी पट्टी आणि आपली कष्टाची कमाई

(बूढापारा, रायपूर येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी सभासद आणि निवृत्त सहकारी यांच्या सभेत केलेले भाषण)



बूढा तलावाच्या काठच्या या वस्तीत आपण महागाई भत्त्यासाठी जमलो, पेन्शनसाठी जमलो, घोषणा दिल्या. आजचा विषय घोषणांचा नाही. प्रत्येकाच्या खिशात असलेल्या एका प्लास्टिकच्या तुकड्याविषयी आज बोलायचे आहे. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलो, इंजिनिअर नाही. पण पगार आणि पेन्शन ज्या वाटेने हातात येते, ती वाट कामगाराला कळली पाहिजे, असे आमचे ठाम मत झाले आहे. ते कसे झाले, हे आधी सांगतो.

२०१८ च्या पावसाळ्यात एक निवृत्त ट्रॅकमन काका आमच्याकडे आले. त्यांच्या खात्यातून एका रात्रीत तीन वेळा दहा-दहा हजार रुपये निघाले होते. मोबाईलवर इंग्रजीत संदेश आले होते. ते सुनेने दुसऱ्या दिवशी वाचले. कार्ड काकांच्या पिशवीतच होते. बँकेत गेले तर साहेब म्हणाले, तुम्हीच कुणाला तरी पिन सांगितला असणार. आणि खरे सांगायचे तर, आम्हीही काकांना तोच प्रश्न तीनदा विचारला. तिसऱ्यांदा विचारल्यावर काका म्हणाले, "साहेब, चौतीस वर्षं रूळ सांभाळला. चार आकडे सांभाळता येणार नाहीत का मला?" आम्ही गप्प बसलो. मग ठरवले की हे कार्ड चालते तरी कसे, ते समजून घ्यायचेच.

कार्डाच्या मागची काळी पट्टी म्हणजे काय? आपण टेपरेकॉर्डरवर कॅसेट ऐकायचो, तिच्यातल्या फितीचीच ही बहीण. लोखंडाच्या संयुगाचे अतिसूक्ष्म कण थर देऊन बसवलेले असतात. प्रत्येक कण म्हणजे एक चिमुकले चुंबक. आयबीएम कंपनीचे फॉरेस्ट पॅरी यांनी १९६० च्या सुमारास ही फीत कार्डावर चिकटवण्याचा प्रयत्न केला. ती नीट चिकटेना, तेव्हा पत्नीने कपड्यांची इस्त्री वापरून बघायला सांगितले आणि काम झाले, अशी हकिकत सांगतात.

पट्टीवर लिहिणे म्हणजे शाईने लिहिणे नव्हे. तिथे चुंबकांची दिशा पालटत नेतात. ठरावीक अंतरात मध्येच एकदा दिशा पालटली तर तो एक, नाही पालटली तर शून्य. पट्टीवर तीन ओळी मावतात. पैशाच्या व्यवहारात मुख्यतः दुसरी ओळ कामाला येते. तिच्यावर इंचाला ७५ खुणा बसतात. एका आकड्याला पाच खुणा लागतात: चार आकड्याच्या, पाचवी पडताळणीची. ओळीत जास्तीत जास्त ४० अक्षरे, आणि शेवटी सगळ्यांचा ताळा, जशी आपल्या कॅशबुकाच्या तळाला बेरीज असते. यंत्रात तांब्याच्या तारेचे बारीक वेटोळे असते. पट्टी त्याच्यासमोरून सरकली की तारेत किंचित वीज उमटते. म्हणूनच कार्ड ओढावे लागते. नुसते टेकवून धरले तर ही पट्टी वाचता येत नाही.

आता त्या ओळीवर असते काय? कार्डाचा क्रमांक, मुदत कधी संपते तो महिना आणि वर्ष, तीन आकड्यांचा एक सेवा-संकेत आणि बँकेच्या तपासणीचे काही आकडे. बस. बंधूंनो, खात्यातली शिल्लक तिथे नसते. पिनही तिथे नसतो. पैसे बँकेच्या हिशेबात असतात. पट्टी म्हणजे फक्त नाव-गाव सांगणारी चिठ्ठी. म्हणून पट्टी चुंबकाजवळ राहून बिघडली तर कार्ड चालणार नाही, पण पैसे कुठे जात नाहीत. तपकिरी पट्टी लवकर पुसते, काळी सहसा पुसत नाही.

या पट्टीने जगभर कामे केली. हॉटेलच्या खोल्या उघडल्या, हजेऱ्या लावल्या, तिकिटे तपासली. आपल्याच रेल्वेच्या कोलकाता मेट्रोत चुंबकीय पट्टीची तिकिटे चालत. २०११ च्या ऑगस्टपासून तिथे टोकन आले. भारतात पहिले एटीएम १९८७ साली मुंबईत एचएसबीसी बँकेने बसवले. सुरुवातीला आपल्याला ते नवल वाटले, पुढे सवय झाली, आणि नंतर तर पगार बँकेतच होऊ लागला. आपल्यापैकी कुणाला विचारून हे झाले नाही.

मग चूक कुठे आहे? टपालातल्या बंधूंना लगेच समजेल. पाकिटावरचे तिकीट एकदा वापरले की त्याच्यावर तारखेचा शिक्का मारतात. शिक्का नसता, तर तेच तिकीट सोडवून पुन्हा लावता आले असते. पट्टीला शिक्काच नाही. ती आज जे सांगते तेच उद्या सांगते, बँकेला सांगते तेच चोरालाही सांगते. विचारणारा कोण, हे ती ओळखत नाही. एटीएमच्या तोंडावर चोर एक खोटा वाचक चिकटवतो आणि आकड्यांच्या फळीवर बारीक कॅमेरा लावतो. आपण कार्ड घालतो, पैसे घेतो, घरी येतो. पट्टीची नक्कल कोऱ्या कार्डावर उतरते, पिन कॅमेऱ्यात असतो. कॅसेटवरून कॅसेट भरायचो, तितके हे सोपे.

काकांचे तेच झाले होते. आम्ही बँकेकडे व्यवहारांच्या वेळा आणि ठिकाणे लेखी मागितली. त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला काकांनी रायपुरात पाचशे रुपये काढले होते, आणि सव्वासातला दुसऱ्या राज्यातल्या एटीएममधून पहिले दहा हजार निघाले. एकच गाडी पाऊण तासात दोन राज्यांत उभी राहत नाही, हे रेल्वे कामगाराला शिकवावे लागत नाही. कार्डे दोन होती. आमचा तिसरा प्रश्न विचारायलाच नको होता.

यावर उपाय म्हणून चिप आली. कार्डाच्या तोंडावरचा तो सोनेरी चौकोन. चिप म्हणजे छोटा संगणकच. तिच्यात एक गुप्त किल्ली असते, ती बाहेर येत नाही. प्रत्येक व्यवहाराला ती हिशेब करून नवा संकेत देते, आणि तो पुन्हा चालत नाही. रेल्वेतल्या माणसाला याचे आश्चर्य वाटू नये. स्टेशन मास्तर आणि गेटमन फोनवर प्रायव्हेट नंबर देतात-घेतात. तक्त्यावरचा नंबर एकदा दिला की तो खोडायचा, पुन्हा द्यायचा नाही. कुणी चोरून ऐकला तरी पुढच्या गाडीला तो निरुपयोगी. जी अक्कल आपल्या फाटकावर मुरलेली आहे, ती बँकांच्या कार्डात यायला फार वर्षे लागली.

रिझर्व्ह बँकेने २०१५ साली नवी कार्डे चिपचीच देण्याचा आदेश काढला आणि जुनी पट्टीवाली कार्डे बदलण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत दिली. दरम्यान २०१६ साली देशातली सुमारे ३२ लाख डेबिट कार्डे धोक्यात आल्याचे उघड झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. चोरांनी एटीएमच्या परवानगीची यंत्रणाच बगल देऊन चुकवली आणि नकली कार्डांनी २८ देशांतून पैसे उचलले; कोल्हापुरातल्या एटीएममधूनही रकमा निघाल्या. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा. तिथे कुठल्या खातेदाराने पिन सांगितला होता? २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले.

चिपच्या कार्डावरही जुन्या यंत्रांसाठी पट्टी ठेवलेली असते. तिच्या सेवा-संकेताचा पहिला आकडा २ किंवा ६ असला की चिपचे यंत्र म्हणते, पट्टी नको, चिप दाखव. पण यंत्र जुने असेल तर पट्टीच वाचली जाते. मास्टरकार्ड कंपनीने २०२१ साली जाहीर केले की २०३३ पर्यंत आपल्या कार्डांवरून पट्टी पूर्ण काढू. म्हणजे ही पट्टी अजून काही वर्षे आपल्या खिशात राहणार आहे.

आपल्या रायपूरचीही यात एक नोंद आहे. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची सुरुवात ३० जानेवारी २०१७ रोजी रायपूर आणि रांची या दोन ठिकाणी झाली. तिने पट्टीऐवजी चौकटीच्या ठशाचे क्यूआर कार्ड दिले. ओळख पटवायला अंगठा. पाठांतराचा पिन गेला, हे चांगले. पण ज्यांनी आयुष्यभर गिट्टी उपसली त्यांच्या बोटांवर रेषा उरलेल्या नसतात, आणि यंत्र त्यांना ओळखत नाही. टपालातल्या भावांनो, अशा माणसाला काउंटरवरून नुसते परत पाठवू नका. दुसरा मार्ग समजावून सांगा.

आता हक्काचे. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने जबाबदारी वाटून दिली. बँकेची चूक असेल तर खातेदाराचा तोटा शून्य. चूक बँकेचीही नाही, खातेदाराचीही नाही, तिसऱ्याची असेल, तर संदेश आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवले तरी शून्य. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त दहा हजारांची झळ. कळवल्यापासून कामाच्या दहा दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची, ९० दिवसांत निकाल द्यायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे, खातेदार दोषी आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. मात्र आपण पिन कुणाला दिला असेल, तर तक्रार करेपर्यंतचा तोटा आपला. नातवालाही नाही, शेजाऱ्यालाही नाही, आणि आमच्यासारख्या सेक्रेटरीलाही नाही.

काका तिसऱ्या दिवशी आले होते, म्हणून वाचले. तक्रारीची पोच हातात होती. दहा दिवसांत रक्कम आली नाही. आम्ही स्मरणपत्र दिले, मग वरच्या कार्यालयाला पत्र दिले. अडीच महिन्यांनी तीस हजार परत आले. पण त्या अडीच महिन्यांत काकांनी घरात कुणाकडे मान वर करून पाहिले नव्हते. तो तोटा कुठल्याच परिपत्रकात भरून मिळत नाही.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. आकडे दाबताना दुसऱ्या हाताने फळी झाका. कार्ड घालायच्या तोंडाला हात लावून पाहा, ते हलत असेल तर परत फिरा. संदेश आला की त्याच दिवशी कुणाकडून तरी वाचून घ्या. पैसे गेले तर आधी फोन करून कार्ड बंद करा, मग लेखी तक्रार आणि पोच. लाज वाटून घरी बसू नका. आणि युनियनच्या पदाधिकाऱ्यांनो, असा माणूस दारात आला तर त्याला आधी बसायला खुर्ची द्या, पाणी द्या. पहिला प्रश्न विचारायचा तो बँकेला.