काचतंतूचा शेवटचा मैल
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घरातले इंटरनेट बंद पडले की पहिली नजर भिंतीवरच्या लहानशा डब्याकडे जाते. त्यावर एक दिवा लाल होऊन लुकलुकत असतो आणि त्याच्या शेजारी एल, ओ, एस अशी तीन अक्षरे असतात. प्रकाश येईनासा झाला, एवढाच त्यांचा अर्थ. त्या डब्यापासून कंपनीच्या केंद्रापर्यंतचे अंतर कधी दोन किलोमीटर असते, तर कधी वीस. पण वाटेत विजेवर चालणारे एकही यंत्र नसते. या रचनेला पॅसिव्ह ऑप्टिकल नेटवर्क म्हणतात. ‘पॅसिव्ह’ला मराठीत ‘निष्क्रिय’ म्हटले की आळसाचा वास येतो. येथे मात्र तो गुण आहे. रस्त्याकडेच्या पेटीत यंत्रच नसल्यावर तिथे वीजजोडणी नको, बॅटरी नको, पंखा नको, आणि गल्लीतली वीज गेली म्हणून सारी वस्ती ठप्प होण्याची भीतीही नको. परंतु मधली वाट अशी निश्चिंत करताना सगळा भार दोन्ही टोकांवर जाऊन पडतो. भारतात या तंत्राचे यशापयश त्या टोकांवरच ठरत आले आहे.

या शोधाच्या आरंभी एक भारतीय नाव आहे. पंजाबातील मोगा येथे 1926 साली जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आग्रा विद्यापीठातून पदवी घेऊन लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेले. हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासह त्यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवले. ते संशोधन 1954 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शरीराच्या आत डोकावण्यासाठी तो तंतू उपयोगी होता, पण दूरवर संदेश नेण्यास त्या काळची काच फार मळकट होती. चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी 1966 मध्ये दाखवून दिले की दोष काचेचा नसून तिच्यातल्या अशुद्ध द्रव्यांचा आहे. किलोमीटरभर गेल्यावर प्रकाशाचा शंभरावा भाग जरी उरला, तरी काम भागेल असा त्यांचा हिशेब होता. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने 1970 मध्ये ती मर्यादा ओलांडली. आजच्या उत्तम तंतूत पंधरा किलोमीटरनंतरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. काओ यांना 2009 चे नोबेल मिळाले. कपानींचे नाव त्यात नव्हते याची हळहळ अनेकांना वाटली; 2021 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

काच निर्मळ झाली, पण खर्चाचा प्रश्न उरलाच. दोन शहरांमधल्या वाहिनीचा खर्च लक्षावधी ग्राहकांत वाटला जातो. केंद्रापासून घरापर्यंतच्या तुकड्याचा, म्हणजे दूरसंचारवाले ज्याला ‘शेवटचा मैल’ म्हणतात त्याचा खर्च एकेका घराच्या वाट्याला येतो. प्रत्येक घरासाठी केंद्रातून वेगळा तंतू आणि वेगळा लेसर देणे श्रीमंत देशांनाही जड होते. त्यावर 1980 च्या दशकात ब्रिटिश टेलिकॉमच्या संशोधकांनी काढलेली युक्ती अशी: वस्तीपर्यंत एकच तंतू न्यायचा आणि तिथे प्रकाशच वाटून द्यायचा. ही वाटणी करणारा स्प्लिटर जेमतेम बोटाएवढा असतो. आत काचेच्या पातळ चिपेवर प्रकाशवाटा कोरलेल्या असतात. एकीच्या दोन, दोनांच्या चार, असे करत बत्तीस किंवा चौसष्ट.

वाटणीत अर्थातच प्रकाश घटतो. बत्तीस वाटांच्या स्प्लिटरमधून बाहेर पडताना, बारीकसारीक गळती धरून, प्रत्येक घराला साधारण पन्नासावा भाग मिळतो. वीस किलोमीटरच्या प्रवासानंतरही साधारण पाचवा भाग उरतो. म्हणजे अंतरापेक्षा ही बोटभर वस्तूच कितीतरी अधिक प्रकाश खाते. नवल असे की घराकडून केंद्राकडे जाताना, पाठवणारे घर एकटे असले तरी, तेवढीच घट होते. ग्रहण करणारी यंत्रे मूळ प्रकाशाच्या सुमारे सहाशेव्या भागापर्यंत ओळख ठेवतात. या काटकसरीच्या हिशेबात दाराच्या फटीत चेपलेला तंतू किंवा धुळीचे बोट लागलेले जोडणीचे टोकही महाग पडते. कपाट सरकवताना मागची बारीक केबल दुमडली आणि लाल दिवा लागला, असे अनेक घरांत घडते. दोष मात्र कंपनीच्या माथी मारला जातो.

केंद्राकडून येणारा प्रकाश सर्व घरांना सारखाच पोहोचतो. शेजाऱ्याचा मजकूरही आपल्या डब्यापर्यंत येतो, फक्त तो गुप्तलेखात असतो आणि डबा आपल्या नावाचे तेवढेच उचलतो. खरी पंचाईत उलट दिशेला आहे. बत्तीस घरे एकाच वेळी बोलू लागली तर त्यांचे प्रकाश स्प्लिटरपाशी एकमेकांत मिसळून केंद्राला काहीच कळणार नाही. म्हणून पाळी लावावी लागते. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर पिढ्यानपिढ्या चालत आलेली फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे लगेच उमजेल. तिथे पाण्याची पाळी पाटकरी सांभाळतो. इथे केंद्रातले यंत्र कोणी केव्हा आणि किती वेळ प्रकाश सोडायचा ते ठरवते. भारतात रूढ असलेल्या जीपॉन पद्धतीत पाळ्यांचे एक आवर्तन 125 मायक्रोसेकंदांचे, म्हणजे सेकंदाला 8000 आवर्तने. काचेतून एक किलोमीटर जायला प्रकाशाला पाच मायक्रोसेकंद लागतात. एक घर केंद्रापासून एक किलोमीटरवर आणि दुसरे अठरा किलोमीटरवर असेल, तर दोघांच्या प्रकाशाच्या पोहोचण्यात पंचाऐंशी मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. आवर्तनाच्या निम्म्याहून अधिक. म्हणून हा पाटकरी आधी प्रत्येकाचे अंतर मोजतो आणि जवळच्याला मुद्दाम थोडे थांबायला लावतो, जणू सगळी घरे एकाच अंतरावर आहेत. रात्री चोरून कोणी पाटाचे दार उघडले तर खालचे शेत कोरडे राहते. तसेच एखादा बिघडलेला डबा पाळी सोडून प्रकाश ओतत राहिला, तर त्या तंतूवरच्या सगळ्या घरांची बोलती बंद होते. तो एक डबा शोधून काढणे हे तंत्रज्ञांचे मोठे डोकेदुखीचे काम आहे.

जीपॉनमध्ये केंद्राकडून घरांकडे सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट आणि उलट दिशेला सव्वा गिगाबिट वाहतात. बत्तीस घरांनी एकाच क्षणी सगळे मागितले तर प्रत्येकाला 78 मेगाबिटच्या आत मिळेल. जाहिरातीतला मोठा आकडा शेजारी त्या वेळी काही मागत नसतील या भरवशावर दिलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो भरवसा खराही ठरतो. गरज वाढली तर काच उकरण्याचे कारण नाही. दहा गिगाबिटची नवी पद्धत वेगळ्या रंगाचा, म्हणजे वेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश वापरते. जुने आणि नवे डबे एकाच तंतूवर सुखाने नांदतात.

आता टोकांविषयी. जुन्या तांब्याच्या तारेतून दूरध्वनीला लागणारी वीज केंद्रातूनच येत असे. म्हणून गावात अंधार असला तरी फोनची घंटा वाजे. काचेतून वीज जात नाही. घरातली वीज गेली की डबा मिटतो. मात्र मिटण्यापूर्वी, शिल्लक राहिलेल्या क्षणभराच्या विजेवर, तो केंद्राला आपली वीज गेल्याचा एक शेवटचा निरोप पाठवतो. हा निरोप आला तर वीज गेली, न येताच शांतता पसरली तर तंतू तुटला, असे केंद्राला बसल्या जागी कळते.

हा भेद भारतासारख्या देशात लाखमोलाचा आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2011 मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली. पुढे त्याला भारतनेट हे नाव मिळाले. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत तंतू न्यायचा, प्रत्येकीला 100 मेगाबिट द्यायचे, असा तो संकल्प. 1984 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने विकसित केलेले जीपॉन तंत्र त्यात वापरले गेले. प्रकाश सोडणारे यंत्र तालुक्याच्या ठिकाणी आणि डबा पंचायतीत, अशी मांडणी होती. मधली काच निष्क्रिय असल्याने कागदावर हे फार सोयीचे होते. प्रत्यक्षात पंचायतीत तासन्‌तास वीज नसे, कार्यालयाला कुलूप असे, आणि वाटेत रस्ता रुंदावणाऱ्या जेसीबीला जमिनीखालची काच दिसत नसे. बेसुमार खोदकामामुळे देशाचे वर्षाला सुमारे 3000 कोटी रुपयांचे नुकसान होते असे सरकारच सांगते. खोदण्यापूर्वी विचारणा करण्यासाठीचे ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप त्यासाठीच मार्च 2023 मध्ये आले. जमिनीवरून तार न्यावी तरी सुटका नाही. वाराणसीच्या घाटांवर वायफायसाठी ओढलेल्या तारा माकडांनी कुरतडल्याची बातमी 2015 मध्ये जगभर गेली होती. त्या दाट गल्ल्यांत खोदायला जागा नव्हती आणि माकडांना हुसकणे भाविकांना रुचणारे नव्हते.

पहिल्या आराखड्यात तंतू सरळ रेषेत गेला होता. अलीकडे तुटला की पलीकडची सगळी गावे मुकी. ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये, एक लाख एकोणचाळीस हजार कोटींहून अधिक खर्चाच्या या योजनेत, ती रेषा कडे होते: एका बाजूने तुटले तर दुसऱ्या बाजूने संदेश पोहोचतो. दीड कोटी ग्रामीण घरांना जोडण्या देण्याचे उद्दिष्टही त्यात आहे. या बदलाकडे फारसे लक्ष गेलेले नाही, पण त्यात एक मोठी अदलाबदल दडलेली आहे. कड्यासाठी प्रत्येक पंचायतीत वीज लागणारा राउटर बसतो. निष्क्रिय जाळे नाहीसे झालेले नाही, ते एक पायरी खाली उतरले आहे; आता ते पंचायतीपासून घरांपर्यंत पसरेल, आणि तालुक्याला बसणारा पाटकरी पंचायतीच्या खोलीत येईल. दहावीची मुलगी रात्री परीक्षेचा अर्ज भरत असताना वीज गेली, तर तिच्या घरचा डबा छोट्या बॅटरीवर चालू ठेवता येतो. पंचायतीतला राउटर बंद झाला तर अख्खे गाव थांबते. म्हणून तिथली बॅटरी कोण बदलतो, छतावरच्या सौरपट्टीची धूळ कोण पुसतो आणि सुट्टीच्या दिवशी त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, ही नोंद आता गावागावाच्या ग्रामसभेत विचारण्याजोगी झाली आहे.