भूमापनाचे प्रकार आणि योग्य मोजणीची निवड

तंजावूर जिल्ह्यात कुंभकोणम् शहराच्या परिसरात चोळपुरम् नावाचे गाव आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील या भागात भातशेतीचे क्षेत्र सांगताना आजही ‘मा’ हे माप ऐकू येते. तीन मा म्हणजे साधारणतः एक एकर आणि वीस मा म्हणजे एक ‘वेली’. ही मापे चोळकालीन आहेत. भूमापनाच्या अभ्यासाची सुरुवात या प्रदेशापासून करणे म्हणूनच सयुक्तिक ठरते.

पहिल्या राजराज चोळाने इ. स. १००१ च्या सुमारास राज्यातील जमिनींची मोजणी करविली. या कामावरील अधिकाऱ्यास ‘उलगळंदान्’, म्हणजे जग मोजणारा, ही उपाधी मिळाली. पुढे १०८६ मध्ये पहिल्या कुलोत्तुंगाने पुन्हा मोजणी करविली. इंग्लंडमधील प्रसिद्ध ‘डूम्सडे बुक’ची पाहणी नेमकी याच सुमारास चालली होती. तंजावूरच्या शिलालेखांत वेलीच्या ५२,४२,८८,००,००० व्या भागापर्यंत क्षेत्र नोंदलेले आढळते आणि चोळांच्या अचूकतेचा पुरावा म्हणून हा आकडा वारंवार सांगितला जातो. वेली सुमारे ६.६ एकरांची धरली, तर हा भाग अर्ध्या चौरस मिलिमीटरएवढा येतो. कोणत्याही काठीने एवढे क्षेत्र मोजता येणार नाही. एककाचे ३२० भाग, त्या भागाचे पुन्हा ३२० भाग, अशा पायऱ्यांच्या अपूर्णांक-गणितातून तो निघालेला आहे. हिशेबातील सूक्ष्मता आणि मोजणीतील अचूकता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावा.

याच शिलालेखांतील दुसरी बाब आर्थिक दृष्टीने अधिक मोलाची आहे. गावाचे एकूण क्षेत्र दिल्यावर त्यातून वस्तीची जागा, देवालय, तळी, पाण्याचे पाट, स्मशान इत्यादींचे क्षेत्र वजा करून उरलेल्या जमिनीवर कर ठरविला जाई. वस्तीच्या जागेस ‘नत्तम्’ म्हणत. तामिळनाडूच्या महसुली दप्तरात हा शब्द आजही जिवंत आहे. जेथे कर नाही, तेथे शासनाला प्रत्येक खातेदाराची हद्द मोजण्याचे कारण उरत नाही. महाराष्ट्रातील गावठाणाची कथा वेगळी नाही. शेताचा तुकडा न् तुकडा मोजला गेला, परंतु राहत्या घराच्या जागेला पिढ्यान् पिढ्या नकाशा नव्हता. परिणामतः शेत तारण ठेवून कर्ज मिळे, घर तारण ठेवून मिळणे दुरापास्त होई.

मोजणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी केली जाते, यावर तिचा प्रकार ठरतो. विल्यम लँबटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण आरंभिले. त्यांचा प्रश्न पृथ्वीच्या आकाराचा आणि स्थळांच्या नेमक्या स्थानांचा होता. १८०८ मध्ये त्यांचे अवजड थिओडोलाइट तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिरावर चढविताना दोर निसटून शिखरावर आदळले आणि ते दुरुस्त करण्यात त्यांचे कित्येक आठवडे गेले. (याच मंदिराच्या भिंतीवर अवघ्या पाच वर्षांपूर्वी, १८०३ मध्ये, दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळात भोसले घराण्याचा मराठी इतिहास कोरला गेला होता.) त्या थोर उद्योगातून देशाचा नकाशा उभा राहिला, मात्र दोन शेतकऱ्यांमधील बांध कोठे आहे, हे त्यातून कळणे शक्य नव्हते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलवर्णनात्मक नकाशे डोंगर, नदी, उंचसखलपणा दाखवितात. मालकीच्या वादात ते पुरावा म्हणून पुढे करणे चुकीचे होय.

शेताची हद्द ठरविणारे ते महसुली भूमापन. मुंबई इलाख्यातील त्याचा इतिहास अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य वाचावा. प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस पुणे भागात मोजणी केली. रिकार्डोच्या खंड-सिद्धांताला अनुसरून प्रत्येक जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढावे आणि त्याच्या ५५ टक्के सारा घ्यावा, अशी ती योजना होती. सिद्धांत निर्दोष होता; परंतु उत्पन्नाच्या एवढ्या बारीक नोंदी करणारी विश्वासार्ह यंत्रणा अस्तित्वात नव्हती. आकारणी बेसुमार झाली, जमिनी ओस पडल्या आणि पद्धत सोडून द्यावी लागली. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुरात सोपी वाट धरली. शंकू-साखळीने क्षेत्र मोजावयाचे, मातीची ढोबळ प्रतवारी करावयाची आणि सारा तीस वर्षे स्थिर ठेवावयाचा. सर्व्हे नंबर, टिपण, आकारबंद ही महाराष्ट्राची परिचित परिभाषा याच परंपरेतून आली. ३३ फूट साखळी, १६ आणे. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. कमी अचूक परंतु पेलण्याजोगी मोजणी टिकली, हे इंदापूरचे वैशिष्ट्य होय.

आता निवडीचा प्रश्न. समजा, चोळपुरम् येथे एका कुटुंबाकडे नंजै, म्हणजे ओलिताचे, शेत आणि नत्तम् जागेतील घर आहे, आणि दोन भावांना वाटणी करावयाची आहे. खरेदीखतात वा वाटणीपत्रात क्षेत्र लिहिले म्हणजे ते मोजले गेले असे होत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याने दस्त नोंदला जातो, मालकीची हमी मिळत नाही. शेतासाठी त्यांना शासकीय भूमापकाकडून पोटविभागणी करून घ्यावी लागेल. मूळ नोंद क्षेत्र मापन पुस्तिकेत असते आणि विभागणीनंतर पट्टा वेगळा होतो. महाराष्ट्रात हेच काम भूमी अभिलेख खात्याकडील पोटहिस्सा मोजणीने होते. वाद केवळ शेजाऱ्याने बांध कोरल्याचा असेल, तर पोटहिस्सा नव्हे, हद्द कायम मोजणी मागावी. सर्व लगतदारांना नोटीस देऊन ती होते आणि नकाशाची ‘क’ प्रत हाती पडते. शेतावर घरे बांधावयाची असतील, तर बिनशेती मोजणी वेगळी. बांधकामापूर्वी उतार आणि पाण्याचा निचरा पाहण्यासाठी समोच्च रेषांचे सर्वेक्षण खासगी अभियंत्याकडून करून घेता येते; कावेरीच्या सपाट खोऱ्यात तर त्याची विशेष गरज. मात्र त्या नकाशावर हद्दीचा वाद सुटत नाही. अनेक कुटुंबे नेमकी येथेच फसतात. महागडा आणि देखणा खासगी नकाशा हाती असतो आणि प्रकरण चालते ते शासकीय टिपणावर.

घराच्या जागेसाठी नगर भूमापन हा प्रकार आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२६ मध्ये त्याची तरतूद असून त्यातून मिळकत पत्रिका तयार होते. लहान गावांची गावठाणे दीर्घकाळ यातून सुटली. पुणे जिल्ह्यातील सोनोरी येथे ड्रोनद्वारे गावठाण मोजणीचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी ‘स्वामित्व’ योजना सुरू झाली. ड्रोन उडण्यापूर्वी ग्रामस्थांच्या समक्ष हद्दींवर चुन्याच्या रेषा आखल्या जातात. आकाशातून टिपली जाते ती हीच रेषा. भावाभावांत ती कोठे असावी यावर एकमत नसेल, तर सेंटिमीटरपर्यंतची अचूकताही निरुपयोगी ठरते. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. डी. सी. वाधवा यांनी १९८९ च्या अहवालात मालकी हक्काच्या हमीची शिफारस केली होती. राजस्थानने २०१६ मध्ये शहरी जमिनीपुरता तसा कायदा केला. अन्यत्र सातबारा किंवा पट्टा हा अद्याप अनुमानित पुरावाच आहे.

मोजणी मान्य नसल्यास मुदत पाहावी. महाराष्ट्रात वरिष्ठ अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी मागता येते. तामिळनाडूत भूमापन व सीमा अधिनियम, १९२३ नुसार अपिलानंतरही समाधान न झाल्यास दिवाणी दावा लावता येतो, तो तीन वर्षांच्या आत. शहरांसाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये १५२ नागरी स्थानिक संस्थांत ‘नक्शा’ हा प्रायोगिक कार्यक्रम सुरू करण्यात आला. त्यातही हवाई चित्रणानंतर प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी आणि हरकतींची सुनावणी हे टप्पे आहेत, आणि घरमालकाला आपले म्हणणे मांडण्याची संधी तेथेच मिळते.