वही नवी, सचोटी जुनी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा पाठ)



पन्नास वर्षांपूर्वी ज्या पिढीने ट्रस्टची पायाभरणी केली, तिच्यातील बहुतेकांचा चरितार्थ पेठेतील छोट्या दुकानावर चालत असे. मंदिराची वर्गणी, पाठशाळा, अतिथीगृह, साधू-साध्वींच्या चातुर्मासाची व्यवस्था ही सारी सत्कार्ये त्या दुकानांच्या गल्ल्यातून उभी राहिली. म्हणून लहान व्यापाऱ्याचे दुकान टिकते की बंद पडते, हा केवळ त्या कुटुंबाचा प्रश्न राहत नाही. त्याच्याशी समाजाच्या धर्मकार्याचेही भवितव्य निगडित असते.

बदल व्यापाराला नवा नाही

आजचेच युग तेवढे बदलाचे, असा एक समज रूढ आहे. कापडधंद्याचा इतिहास वेगळे सांगतो. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग चालविला आणि हातमागाच्या गावाने नवे वळण घेतले. 1956 च्या वजन-मापे कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने वार गेला, मीटर आला. 91.44 सेंटिमीटरच्या वारावर ज्यांचे हात बसले होते, त्यांना उतारवयात नवी मोजपट्टी हाती घ्यावी लागली. नऊवारी हे नाव तेवढे मागे उरले. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरणीच्या मालावर विसंबलेल्या दुकानदारांना भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत येथील यंत्रमागाच्या मालाकडे अधिकाधिक वळावे लागले. पुढे तयार कपड्यांनी ठाण उलगडणाऱ्या दुकानासमोर आव्हान उभे केले.

त्यानंतरचे धक्के मात्र एकामागून एक आले. 8 नोव्हेंबर 2016 ची नोटाबंदी, 1 जुलै 2017 पासूनचा वस्तू व सेवा कर, मार्च 2020 ची टाळेबंदी आणि भ्रमणध्वनीवरून घरपोच येणारा माल. पूर्वी एका बदलास अंगवळणी पाडण्यास एक पिढी मिळे. आता एका पिढीस चार बदल पचवावे लागतात. लहान दुकानदार थकतो तो येथे, आणि समाजाने त्याला हात द्यावयाचा तोही येथेच.

प्रथम वही पाहावी

साहाय्य करावयास जाणारे बहुधा संगणक, सजावट आणि जाहिरात यांपासून प्रारंभ करतात. प्रारंभ वहीपासून व्हावा. एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या पेठेत एक कापड दुकान आहे, त्यात 40 लाखांचा माल आहे. मोजदाद केल्यावर असे आढळते की 12 लाखांचा माल दोन वर्षे कपाटातून हललेला नाही. ‘माल कुठे सडतो आहे?’ असे वडील म्हणतात. परंतु दरसाल 12 टक्के व्याज धरले, तर तो माल वर्षाला 1 लाख 44 हजार रुपये गिळतो आहे.

तोच माल 40 टक्के कमी भावाने काढला तर 7 लाख 20 हजार हाती येतात आणि 4 लाख 80 हजारांचे नुकसान सोसावे लागते. हे नुकसान पाहून हात मागे येतो. पण आलेली रक्कम चालत्या मालात घालून वर्षातून तीन वेळा फिरविली आणि खरेदीवर 15 टक्के ढोबळ नफा राहिला, तर वर्षाला 3 लाख 24 हजार मिळतात. सुमारे दीड वर्षात झालेला तोटा भरून निघतो. हा हिशेब पाटीवर मांडता येण्याजोगा आहे. तो मांडला जात नाही, कारण पडून असलेला माल विकणे म्हणजे आपल्या खरेदीतील चूक मान्य करणे होय. येथे अडचण अहंकाराची असते.

जैन श्रावकास यावर उपाय ठाऊक असावयास हवा. परिग्रहपरिमाण हे व्रत केवळ घरातील सोन्यासाठी नाही. ते दुकानाच्या कपाटासही लागू पडते. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाच्या संपत्तीची वाटणी सर्वांना परिचित आहे: चार कोटी सुवर्ण निधीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरवैभवात. सर्व धन एकाच ठिकाणी अडकू न देण्याची ही रीत होय. आजच्या दुकानदाराने मालाची मर्यादा ठरवावी आणि काही रक्कम अडीअडचणीसाठी वेगळी राखावी. टाळेबंदीत राखीव रकमेचे मोल सर्वांनाच कळून आले.

प्रयोग लहान, मर्यादा निश्चित

दुसरी पायरी नव्या प्रयोगाची. तो झेपेल एवढाच असावा. एकाच वेळी दुकान पाडून काचेचे दालन उभारणारे कर्जात बुडतात, आणि काहीच न करणारे हळूहळू विझतात. मध्यम मार्ग असा की खर्चाची आणि मुदतीची मर्यादा आधी लिहून ठेवावी. उदाहरणार्थ, शाळांचे गणवेश, शिलाईसह विक्री, किंवा जुन्या गिऱ्हाइकांना नव्या साड्यांची छायाचित्रे भ्रमणध्वनीवर पाठविणे. सहा महिने, 50 हजार रुपये. फळले तर वाढवावे, नाही तर थांबावे. लहान दुकानाची खरी पुंजी म्हणजे गिऱ्हाइकाची ओळख. कोणाच्या घरी लग्न आहे, कोणास सुतीच वस्त्र चालते, हे दूरच्या गोदामातून माल पाठविणाऱ्यास ठाऊक नसते.

सचोटीला पर्याय नाही

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. त्यांतील हीनाधिकमानोन्मान म्हणजे मापातील लबाडी, प्रतिरूपकव्यवहार म्हणजे अस्सलाच्या नावाने नकली विकणे. यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून देणे हे दुसऱ्यात येते. विरुद्धराज्यातिक्रम म्हणजे राज्याच्या नियमांविरुद्ध व्यापार. बिनबिलाचा व्यवहार त्यातच मोडतो. करांचे दर बदलत राहतात. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या तयार वस्त्रास 5 टक्के आणि त्यावरील वस्त्रास 18 टक्के कर लागू झाला. नियम समजून घेणे कष्टाचे असते, पण चुकविणे अखेरीस महागच पडते.

कायदा काही ठिकाणी लहानांच्या बाजूनेही आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत चुकते करावयाचे असते. कापड व्यापारात उधारी महिनोन्‌महिने लांबविणे हे चातुर्य मानले जाते. इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाचे पैसे अडकले की त्याच्या कामगाराची मजुरी अडते. वेळेवर पैसे देणे हेही अहिंसेचेच अंग मानावयास हवे.

ट्रस्टने काय करावे

समाजात सेवानिवृत्त बँक अधिकारी आहेत, सनदी लेखापाल आहेत, उत्तम संगणक जाणणारी मुले-मुली आहेत. महिन्यातील एका रविवारी ही मंडळी ट्रस्टच्या सभागृहात बसावीत आणि अडचणीतील व्यापाऱ्याने आपली वही घेऊन त्यांच्याकडे जावे. तेथील गोष्ट तेथेच राहील, एवढी हमी मात्र असावी. धंदा अडचणीत असल्याचा बोभाटा झाला की पत जाते, मुलीचे लग्न अडते, या भीतीने अनेक जण अखेरपर्यंत मौन पाळतात. सल्ला देणाऱ्यानेही आधी ऐकावे. एका दृष्टीने पूर्ण सत्य दिसत नाही, हे अनेकान्ताचे तत्त्व प्रवचनापुरते ठेवून चालणार नाही.

घराघरांतही हेच घडावयास हवे. मुलगा किंवा सून काही नवे सुचविते तेव्हा ‘चाळीस वर्षे धंदा काय झोपेत केला?’ असे म्हणून वडील संवाद संपवितात. मग मुलगा पुण्याला नोकरी धरतो आणि काही वर्षांनी दुकानावर भाड्याची पाटी लागते. अशा प्रसंगी वडिलांनी निदान एक कपाट, एक खाते आणि एक वर्ष पूर्णतः नव्या पिढीच्या हाती द्यावे. मुलानेही त्या वर्षाचा जमाखर्च वडिलांसमोर प्रामाणिकपणे मांडावा.

दीपावलीस वहीपूजन होते. जुन्या वहीतील बाकी नव्या वहीत ओढली जाते. कोरे पान म्हणजे जुन्याचा विसर नव्हे. पूर्वजांनी ओढून दिलेली सर्वांत मोठी बाकी त्यांच्या विश्वासाची आहे. ती नव्या पानावर तशीच्या तशी उतरवावी आणि त्याखाली नव्या पिढीस आपल्या हस्ताक्षरात लिहू द्यावे.

जय जिनेंद्र.