निजलेला की गेलेला?



गेलेला माणूस दगडात कोरायचा म्हटला, की शिल्पकारापुढची पहिली अडचण अगदी साधी असते. झोपलेला आणि गेलेला यांत दिसायला फरक तो किती? श्वासाचा. आणि दगड तर श्वास घेतच नाही. जखम दाखवली, चेहरा वेदनेनं पिळवटला, तर काम सोपं होतं. पण ज्यानं मरण शांतपणे स्वीकारलं, त्याच्या चेहऱ्यावर मरण दाखवायचं कुठं? बुद्धाचं महापरिनिर्वाण कोरणाऱ्यांना हाच पेच पडला. आज त्यातली दोन उत्तरं पाहू. पाहू म्हणजे, तुम्ही ऐकायचं आणि पुढं कधीतरी जाऊन पाहायचं.

पहिलं आपल्याकडचं. अजिंठ्याचं २६ क्रमांकाचं लेणं, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. ते रांगेच्या पार टोकाला असल्यामुळे लोक तिथं पोचतात तेव्हा पाय दुखत असतात आणि परतीच्या बसची घाई झालेली असते. तरीही आत शिरून डावीकडच्या भिंतीशी थांबा. सुमारे ७ मीटर लांबीचा बुद्ध उजव्या कुशीवर पहुडलेला आहे. उजवा हात गालाखाली, डोळे मिटलेले, डोक्याशी आणि पायाशी एकेक शालवृक्ष. कुशीनगरच्या शालवनातला तो प्रसंग आहे.

मूर्तीसमोर खांबांची रांग आहे. सगळी मूर्ती एका नजरेत घ्यावी म्हणून मागं सरलात, की खांब आडवा येतो. फोटो काढणारे इथं फार वैतागतात. मला मात्र ही सोयच वाटते, कारण मग मूर्ती डोक्यापासून पायांपर्यंत चालत बघावी लागते. त्या चालण्यात ध्यानात येतं, की खांद्यापासून पावलांपर्यंत एकच लांब, मंद उतरत जाणारी रेषा आहे. कुठं ताण नाही, कुठं झटका नाही. एवढ्यावरून विचाराल, तर हा माणूस निजलेला आहे.

आता नजर खाली आणा. मंचकाच्या खाली माणसांची ओळ कोरली आहे. ती सगळी लहान आहेत, आपल्याला जवळची वाटावीत अशा मापाची. ती शोकात बुडालेली आहेत. पायाशी बुद्धाचा शिष्य आनंद बसला आहे, डोकं हातावर टेकलेलं. परंपरा सांगते, की पंचवीस वर्षं तो बुद्धाच्या सेवेत होता आणि तोवर अर्हत, म्हणजे आसक्ती पूर्ण जिंकलेला, झालेला नव्हता. बौद्ध ग्रंथांतही या प्रसंगी ज्यांनी आसक्ती जिंकली होती ते भिक्षू स्थिर राहिले आणि बाकीचे रडले, असंच वर्णन आहे. म्हणजे इथलं रडणं शिल्पकारानं पदरचं घातलेलं नाही. त्यानं केलं ते एवढंच, की मृत्यू बुद्धाच्या देहावर न कोरता या छोट्या माणसांच्या वाकलेल्या मानांवर कोरला. खालची ओळ झाकून पाहिलीत, तर मृत्यू नाहीसा होतो.

वरच्या बाजूला स्वर्गीय जन आहेत, आणि ते आनंदात आहेत. खाली शोक, वर उत्सव आणि मध्ये ती आडवी शांतता. रचना म्हणून हे पक्कं आहे. पण खरं सांगू? वरचे देव मला तितकेसे भिडत नाहीत. शिल्पकाराचा जीव खालच्या ओळीत गुंतला होता, असं मला वाटतं.

आता दुसरं उत्तर, श्रीलंकेतल्या पोलोन्नरुव इथलं. गल विहार, बारावं शतक, राजा पराक्रमबाहू पहिला याचा काळ. एकाच अखंड खडकात मूर्ती कोरल्या आहेत, आणि आडवा बुद्ध सुमारे १४ मीटरचा आहे, म्हणजे आपल्याकडच्याच्या दुप्पट. इथं रडणारी ओळ नाही, शालवृक्ष नाहीत, देव नाहीत. खडकातल्या नैसर्गिक काळसर रेघा तेवढ्या अंगावरून गेलेल्या आहेत. डोक्याच्या भारानं उशी किंचित दबली आहे. मग हा निजलेला नाही हे कळायचं कसं? पावलं बघा. निजलेल्या बुद्धाची पावलं एकावर एक बरोबर जुळवून दाखवायची, असा तिकडचा संकेत. इथं वरचं, डावं पाऊल जरासं मागं सरकलेलं आहे. बस्, तेवढंच. प्रचंड खडक फोडून मृत्यू सांगितला तो त्या थोड्याशा फरकानं. शेजारी हात छातीवर घेतलेली एक उभी मूर्ती आहे. तिला काही जण शोकमग्न आनंद मानतात, तर काही जण तीही बुद्धाचीच म्हणतात. माझं मत विचाराल, तर पावलांनी सगळं सांगून झाल्यावर आनंदाची गरज उरत नाही.

पुन्हा अजिंठ्याला येऊ, कारण एक गोष्ट राहिली. २६ क्रमांकाच्या लेण्याच्या व्हरांड्यात एक संस्कृत शिलालेख आहे. बुद्धभद्र नावाच्या भिक्षूनं हे लेणं भव्विराजाच्या स्मरणार्थ करवलं, असं त्यात आहे. भव्विराज हा अश्मक देशाच्या राजाचा मंत्री आणि बुद्धभद्राचा जन्मोजन्मीचा स्नेही. त्या लेखातला एक विचार मोठा विलक्षण आहे. जगात माणसाची आठवण असते तोवर तो स्वर्गसुख भोगतो, म्हणून चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल असं स्मारक डोंगरात करावं. आणि मित्राच्या स्मरणार्थ केलेल्या त्याच लेण्यात गुरूला निरोप देणारी ही माणसं कोरलेली आहेत. मूर्ती बघून झाली की हा लेख बघायला विसरू नका. तिथल्या रखवालदाराला विचारा, तो जागा दाखवील.