नाव कुणाचं, आवाज कुणाचा?

बँडचं नाव बदललं की बँड बदलतो काय? आणि माणसं बदलून नाव तेच ठेवलं, तर तो जुनाच बँड म्हणायचा काय? आपण ब्लॅक सॅबथचा हिशोब मांडू.

बर्मिंगहॅमच्या ॲस्टन वस्तीतली ही चार पोरं. टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात राबायचा. १९६५ साली, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मशीनने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं खाल्ली. गडी डावखुरा. म्हणजे तारा दाबायचा हातच जायबंदी. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पातळ तारा चढवल्या. १९७१ च्या तिसऱ्या रेकॉर्डवर तारा ढिल्या करून सूर खाली उतरवला. गोदीत बोटं सांभाळत राबणाऱ्या मला तो खर्जातला आवाज कुणी समजावून द्यायला नको.

आता नावं बघा. १९६८ साली पोल्का टल्क ब्लूज बँड, मग अर्थ. दुसराच एक अर्थ निघाला, म्हणून १९६९ साली बोरिस कार्लोफच्या एका सिनेमाचं नाव उचललं : ब्लॅक सॅबथ. नाव उसनं, आवाज स्वतःचा.

१९७९ साली गायक ऑझी ऑस्बोर्नला काढलं, रॉनी जेम्स डिओ आला. पुढे माणसं येत गेली, जात गेली. १९८६ साली आयोमीला स्वतःच्या एकट्याच्या नावावर रेकॉर्ड काढायची होती. कंपनीने त्यावर सॅबथचाच शिक्का मारला. का? तर शिक्का खपतो! उलट २००६ साली आयोमी, बटलर, डिओ, ॲपिसी एकत्र आले. १९८१ ची सॅबथची रेकॉर्ड याच चौघांची. पण आता नाव हेवन अँड हेल. माणसं तीच, पाटी दुसरी.

२००९ साली ऑझीने आयोमीवर दावा ठोकला : नावाची मालकी कुणाची? २०१० साली तडजोड झाली. पण मूळचा ड्रमर बिल वॉर्ड? २०१२ साली तो उघड म्हणाला, मला दिलेला करार सही करण्याजोगा नाही. २०१३ ची रेकॉर्ड त्याच्याशिवाय निघाली. पाटी ब्लॅक सॅबथची, आणि पाया घालणारा बाहेर!

५ जुलै २०२५ ला ॲस्टनच्याच व्हिला पार्कवर ते चौघे पुन्हा उभे राहिले. वॉर्ड ड्रमवर होता. २२ जुलैला ऑझी गेला.

दोस्तांनो, नाव कोर्टात वाटून घेता येतं, बाजारात विकता येतं. चौघांनी मिळून घडवलेला आवाज तसा वाटता येत नाही. तेव्हा पाटी वाचून थांबू नका. आत कोण राबतोय आणि कुणाला गाळलंय, ते आधी विचारा.