ठरल्या दिवशी रुग्ण का येत नाही?

(शिरड शहापूर येथे आरोग्य कार्यकर्ते व ग्रामस्थ यांच्यापुढे केलेले भाषण)



राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. आज मोतीबिंदूची शस्त्रक्रिया डोळ्यापुरती भूल देऊन होते आणि रुग्ण बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी परततो. तरीही तपासणीत नाव नोंदविलेले काही वृद्ध ठरल्या दिवशी रुग्णालयात पोहोचत नाहीत. त्यांना उदासीन म्हणणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नव्हे.

खर्चाची अडचण बरीच कमी झाली आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एस. टी. प्रवास मोफत, तर महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. परंतु अंधुक दिसणाऱ्या आजीसोबत जाणाऱ्या मुलाची वा सुनेची बुडालेली मजुरी कोण भरून देणार? खरा अडसर येथे आहे.

म्हणून तारीख देताना गावाच्या कामांचे वेळापत्रक पाहिले पाहिजे. आपला हा औंढा-वसमतचा परिसर हळदीचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढणे, शिजविणे व वाळविणे यांत घरातील प्रत्येक हात गुंतलेला असतो. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची कापणी येते. पुढे काही कुटुंबे ऊसतोडीस जातात. अशा दिवसांतील तारीख कागदावरच राहते.

हळद उरकल्यावर सवड मिळते; पण ‘उन्हाळ्यात डोळ्याचे ऑपरेशन करू नये’ हा समज आडवा येतो. आजच्या पद्धतीत ऋतूचा अडथळा उरलेला नाही. डोळ्यांत धूळ व पाणी जाऊ न देणे आणि औषधाचे थेंब वेळेवर घालणे, हे पथ्य बारमाही सारखेच आहे.

आणखी एक गोष्ट. रक्तदाब वा साखर वाढलेली आढळल्यास रुग्णास परत पाठवावे लागते, आणि एकदा हात हलवीत परतलेला माणूस पुन्हा येण्यास धजत नाही. ही तपासणी आधीच प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावी. आदल्या दिवशी आशाताईंनी घरी जाऊन सोबत कोण येणार, बस कोणती, हे निश्चित करावे. जो आला नाही, त्याचे नाव यादीतून न खोडता त्याला विचारून पुढली तारीख द्यावी.

सेवा उपलब्ध करणे हे शासनाचे कर्तव्य आहेच. शेवटच्या घरातील वृद्धास तिच्या दारापर्यंत नेणे, हे मात्र आपणा सर्वांचे काम आहे.