दुवा आणि दोङा

अरबीतला 'दुआ' आपल्याकडे 'दुवा' होऊन आला. जावा बेटावर तोच शब्द 'दोङा' झाला. हा 'ङ' कुठून आला?

'दुआ'च्या मध्ये अरबीत 'ऐन' हे अक्षर आहे. त्याचा उच्चार घशात, खोल होतो. मराठीनं तो चक्क गाळला. जावानी माणसानं मात्र तो कानानं टिपला आणि त्याच्या जागी स्वतःच्या तोंडातला, मागे टाळ्याशी होणारा 'ङ' बसवला; आपल्या 'वाङ्मया'तला. आपल्याकडे ङनं शब्द सुरूच होत नाही. त्यांना त्याचं काहीच अवघड नाही. 'पिणे' म्हणजे जावानीत 'ङोम्बे'. म्हणून अली झाला 'ङली', अब्दुल झाला 'ङब्दुल'. जावानी लिहिण्यासाठी 'पेगोन' नावाची अरबी लिपी वापरतात. तिच्यात 'ङ' कसा काढतात? ऐन काढायचा आणि वर तीन टिंबं द्यायची.

अरबीतल्याच 'दाद' या अक्षराची कथा आणखी जुनी आहे. आठव्या शतकातला व्याकरणकार सीबवैह सांगतो, की दादचा उच्चार जिभेच्या कडेनं होतो. आपला 'ल'सुद्धा कडेनंच होतो. फारसीत दादचा 'ज' झाला आणि त्या वाटेनं आपल्याला 'राजी' आणि 'रमजान' मिळाले. जावानीत 'ल' आला: राजीचं भावंड 'रिदा' तिथं 'लिला' झालं, रमजान 'रमेलन' झाला. धर्मानं लावून दिलेलं कर्तव्य, म्हणजे 'फर्द', त्याचा झाला 'पर्लु', आणि आज त्याचा अर्थ साधी 'गरज'. दादच्या जवळचं अक्षर 'जा', तेही त्याच वाटेनं गेलं. आपला 'जाहीर' तिकडे 'लाइर' आहे, म्हणजे बाहेरचा, उघड. आणि जन्म घेणं हेही 'लाइर'च. १९२६ साली सुराबाया इथं स्थापन झालेली 'नहदलातुल उलमा' ही मोठी संस्था आपल्या नावात दादसाठी आजही 'द'ला 'ल' जोडते.

अशा शब्दांना अशुद्ध म्हणून मोकळं होणं मला मुळीच पटत नाही. 'इल्म' हा शब्द जावात दोन रूपांनी नांदतो. शाळेतलं, पुस्तकातलं शास्त्र ते 'इल्मु'. गुरूजवळ बसून, उपास-साधना करून मिळवायचं गूढ ज्ञान ते 'ङेल्मु'. ज्याला लोक बिघडलेला उच्चार म्हणतील, त्याच्याच पदरात तिथल्या माणसांनी हा खोल अर्थ घातला आहे.